मळसूत्री जिवाणू: लक्षणं जातात, जंतू मात्र राहतात

नभोनील

उपदंश, लेप्टोस्पायरोसिस, लाइम रोग आणि उलटून येणारा ताप. पहिला शरीरसंबंधातून लागतो, दुसरा उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, तिसरा गोचिडीच्या चाव्यातून, चौथा उवांमुळे किंवा गोचिडींमुळे. पुस्तकात हे चार आजार चार निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेले असतात, त्यामुळे या सगळ्यांचे जंतू एकाच कुळातले आहेत हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. या कुळाचं नाव स्पायरोकीट. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. हे कुळ एकत्र समोर ठेवलं की त्यातला एकेक आजार जास्त नीट उलगडतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा धागा.

आधी शरीररचना, कारण बाकीचं सगळं तिथूनच सुरू होतं. पोहणाऱ्या बहुतेक जिवाणूंच्या कशाभिका, म्हणजे पोहायला वापरायचे शेपटीसारखे धागे, पेशीच्या बाहेर असतात. स्पायरोकीटच्या कशाभिका आत असतात, बाहेरचं पटल आणि आतली पेशी यांच्या मधल्या फटीत, दोन्ही टोकांना रोवलेल्या. त्या फिरल्या की अख्खा जिवाणूच पीळ घेत पुढे सरकतो. पातळ पाण्यात याचा फार फायदा नाही. पण त्वचेखालची दाट ऊती किंवा सांध्यातला चिकट द्रव अशा ठिकाणी इतर जिवाणू अडखळतात आणि हे लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखे आत जात राहतात. २००० साली बोरेलियाचं, म्हणजे लाइम रोगाच्या जंतूचं, कशाभिकेचं मुख्य प्रथिन बनवणारं जनुक प्रयोगशाळेत बंद केलं गेलं. तो जिवाणू हलायचा थांबला, आणि शिवाय सरळ काठीसारखा झाला! त्याचा पीळसुद्धा कशाभिकांमुळेच होता. असे न हलणारे बोरेलिया उंदरांत संसर्ग करू शकत नाहीत हेही पुढे दिसलं. त्यामुळे या आकाराकडे मी नुसती ओळखखूण म्हणून बघत नाही, आजाराची सुरुवातच तिथे आहे.

दुसरं म्हणजे त्यांची जाडी. उपदंशाचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम लांबीला ६ ते १५ मायक्रोमीटर, पण जाडीला जेमतेम ०.२. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेची सीमाच तिथे आहे. जिवाणू बघायच्या नेहमीच्या पद्धतीत, ग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञाच्या रंगात, तो दिसत नाही. त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर उजळ जंतू दाखवणारा डार्क फील्ड सूक्ष्मदर्शक लागतो, किंवा चांदीच्या क्षारांनी रंगवावं लागतं. म्हणून तर शतकानुशतकं माणसाला छळणाऱ्या या रोगाचा जंतू फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांना बर्लिनमध्ये थेट १९०५ साली सापडला. तो साध्या माध्यमावर वाढतही नाही. त्याचा जनुकसंच १९९८ साली वाचला गेला, तो फक्त साधारण ११.४ लाख अक्षरांचा निघाला, कारण जगायला लागणारं बरंचसं साहित्य तो आपल्याकडूनच उचलतो. दशकानुदशकं त्याला सशाच्या शरीरात वाढवावं लागायचं. सशाच्या पेशींच्या साथीने काचेच्या भांड्यात सलग वाढवणं जमलं २०१८ मध्ये.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. हे जंतू प्रकट होतात, मग गप्प बसतात, मग पुन्हा प्रकट होतात. उपदंशात सुरुवातीला एक व्रण येतो, बहुधा संसर्गानंतर तीनेक आठवड्यांनी. तो दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत काही न करता भरतो. माणूस निर्धास्त होतो. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, खास करून तळहात-तळपायांवर, आणि तेही आपोआप जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही. आणि मग काही जणांत महाधमनी फुगते, हाडांत-त्वचेत गाठी होतात, मेंदू आणि मज्जारज्जू पोखरले जातात. प्रत्येक टप्प्यावर रुग्णाला वाटतं की बरं झालं. ज्या दिवशी व्रण भरला त्या दिवशी जंतू शरीरभर पोचलेला असतो.

आणि हा रोग इतिहासजमा झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये १५ ते ४९ वयोगटात उपदंशाचे ८० लाख नवे रुग्ण झाले.

प्रश्न, भर, दुरुस्त्या, सगळ्यांचं स्वागत.

कुतूहल

फार सुंदर धागा. एक शंका. पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरीसुद्धा पीळदार असतो ना? मग तोही याच कुळातला का?

नभोनील

नाही. तो पीळदार आहे, पण स्पायरोकीट नाही. त्याच्या कशाभिका पेशीच्या बाहेर, एका टोकाला झुबक्याने असतात, आणि वंशावळीत तो खूप दूर आहे. जुलाब करणारा कॅम्पायलोबॅक्टर त्याचा जवळचा नातेवाईक. आकार सारखा असण्याचं कारण मात्र तुम्ही ओळखलंच असेल: त्यालाही जठराच्या चिकट श्लेष्मातून वाट काढायची असते. फक्त तो आणखी एक करतो. युरिएज नावाच्या विकराने (एन्झाइमने) युरियाचं विघटन करून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल सौम्य करतो. श्लेष्माचा घट्टपणा आम्लावर अवलंबून असल्यामुळे तोही त्या जागी सैल होतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधले रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू वाढवून दाखवला, १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. जठराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध इतका पक्का आहे की १९९४ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला पहिल्या गटाचा कर्ककारक ठरवलं.

उलट बाजूही सांगतो. आपण सरसकट मळसूत्री म्हणतो, पण बोरेलिया खरं तर चपट्या लाटेसारखा असतो. खराखुरा मळसूत्री पीळ लेप्टोस्पायराचा, आणि त्याची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात.

निशाचर

मी रुग्णालयात काम करते. लेप्टोबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात उशीर झाला तर माणूस जातो.

जंतू उंदराच्या मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांत सुखाने राहतो, उंदराला काही होत नाही, आणि लघवीतून महिनोन् महिने बाहेर पडत राहतो. गुरं, डुकरं, कुत्री यांच्यातही असतो. ओल्या मातीत आणि गोड्या पाण्यात तो आठवडेच्या आठवडे तग धरतो, कोरडं पडलं की मरतो. माणसात शिरतो तो खरचटलेल्या किंवा पाण्यात राहून मऊ पडलेल्या त्वचेतून, नाहीतर डोळ्यांच्या, नाकातोंडाच्या ओल्या अस्तरातून. गिळावाच लागतो असं नाही.

बहुधा पाच ते चौदा दिवसांनी एकदम ताप चढतो, थंडी वाजते, डोकं फुटायला येतं. दोन गोष्टी मी आवर्जून बघते. एक, पोटऱ्या. दाबल्या तर रुग्ण कळवळतो. दुसरं, डोळे लाल, पण पू नाही, चिकटपणा नाही. आणि मग विचारते की साचलेल्या पाण्यात, चिखलात, शेतात, गटारात काम केलं होतं का. हा प्रश्न विचारायचा राहिला तर पुढचं सगळं निदान भरकटतं, कारण पहिल्या दिवसांत हा ताप डेंगी, मलेरिया किंवा फ्लूपासून वेगळा ओळखणं फार कठीण असतं.

नभोनील म्हणतात ती गप्प बसण्याची खोड इथेही आहे, फक्त दिवसांच्या हिशेबात. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतात. मग ताप उतरतो, एक-दोन दिवस बरं वाटतं, आणि काहींना पुन्हा ताप येतो. तोवर प्रतिपिंडं तयार झालेली असतात, जंतू रक्तातून हटून मूत्रपिंडात आणि लघवीत आलेले असतात. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण थोड्यांत कावीळ, मूत्रपिंड निकामी होणं आणि रक्तस्राव हे त्रिकूट जमतं. हाइडलबर्गच्या अडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये हेच वर्णन केलं होतं, म्हणून वाइलचा आजार. मला सगळ्यात जास्त धास्ती फुप्फुसातल्या रक्तस्रावाची वाटते. खोकल्यातून रक्ताचा ठिपका दिसला की तासांवर खेळ असतो.

ही कावीळ वेगळी असते. बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, खूप वर जातं, पण यकृताची विकरं त्या मानाने थोडीच वाढतात. विषाणूच्या कावीळीत ती हजारांत जातात. मूत्रपिंड बिघडूनही लघवी बऱ्यापैकी होत राहते आणि पोटॅशियम कमी असतं, हेही विचित्र, कारण मूत्रपिंड निकामी झालं की ते एरवी वाढतं. सीपीके हे स्नायूंमधलं विकर रक्तात वाढलेलं सापडतं. हे सगळं एका कागदावर दिसलं की लेप्टो डोक्यात यायलाच हवा.

तपासणीबद्दल: पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर उपयोगी. संशय दाट असेल तर अहवालाची वाट बघत थांबायचं नसतं, औषध सुरू करायचं. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन, गंभीर आजारात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायअॅक्सोन. जगात दरवर्षी अंदाजे १० लाख ३० हजार रुग्ण आणि ५८,९०० मृत्यू असा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

पाणकोंबडा

निशाचरताई, प्रतिसाद जपून ठेवला. चिखलात काम करावंच लागणार असेल तर आधी गोळी घेता येते का?

निशाचर

धोका मोठा आणि थोड्या काळापुरता असेल तर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम दिलं जातं. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको, गर्भवतींना आणि लहान मुलांना तर नकोच. गमबूट, हातमोजे, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी आणि बाहेर आल्यावर लगेच स्वच्छ पाण्याने धुणं, हे मात्र रोज. गोळी घेतली म्हणून बूट काढायचे नाहीत.

मुक्ता_

लाइम रोगाची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून लिहिते. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावाच्या आसपास बऱ्याच मुलांचे सांधे एकदम सुजायला लागले. डॉक्टर त्याला मुलांमधला संधिवात म्हणत होते. तिथल्या दोन आयांना ते पटेना. पॉली मरे यांनी स्वतः कोणाकोणाला काय होतंय याची टिपणं ठेवली, ज्युडिथ मेन्श यांनीही आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला. एवढ्याशा भागात संधिवाताचे इतके रुग्ण कसे, हा त्यांचा प्रश्न साधा आणि अचूक होता. त्यानंतर येल विद्यापीठातले अॅलन स्टीअर तपासाला आले. रुग्ण जंगलाच्या कडेला राहणारे होते, आजार उन्हाळ्यात सुरू व्हायचा, आणि काहींना आधी पसरत जाणारा लाल चट्टा उठून गेलेला होता.

जंतू सापडला तो १९८१ मध्ये, माँटाना राज्यात. विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्क राज्यातल्या शेल्टर आयलंड बेटावरून आलेल्या गोचिडी फाडून त्यांत रिकेट्सिया नावाचे दुसरेच जिवाणू शोधत होते. ते मिळाले नाहीत, पण गोचिडीच्या आतड्यात लांब, नागमोडी जंतू दिसले. स्पायरोकीट त्यांनी तरुणपणी अभ्यासले होते, म्हणून बघताक्षणी ओळखता आले.

त्या आयांनी टिपणं ठेवली नसती तर? रुग्णाच्या घरातलं माणूस काय सांगतंय ते ऐकून घेणं किती मोलाचं असतं!

नभोनील

मुक्ता, मनापासून आभार. थोडी भर घालतो. हा जंतू गोचिडीत असताना अंगावर ओएसपीए नावाचं प्रथिन बाळगतो, त्याने तो तिच्या आतड्याला चिकटून राहतो. गोचीड रक्त प्यायला लागली, पोटात उष्ण रक्त आलं, की ते प्रथिन उतरवून ओएसपीसी चढवतो आणि लाळग्रंथींकडे निघतो. या बदलाला वेळ लागतो, म्हणून अमेरिकेतली गोचीड ३६ तासांच्या आत काढली तर संसर्गाचा धोका बराच कमी राहतो. बारीक चिमट्याने, त्वचेलगत धरून, सरळ वर ओढून काढायची. चटके देऊ नयेत, तेल ओतू नये.

आणखी एक नवल. जवळपास प्रत्येक सजीवाला लोह लागतं आणि आपलं शरीर जंतूंपासून लोह लपवून ठेवतं. हा पठ्ठ्या लोहाशिवाय जगतो, त्याऐवजी मँगनीज वापरतो. लोह दडवण्याचा आपला सगळा बंदोबस्त त्याच्यापुरता फुकट जातो.

रातराणी

एक विचारते. पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतल्यावर काही तासांत हुडहुडी भरून ताप चढला, अंग ठणकलं, पुरळ जास्तच उठून दिसायला लागलं असं एका नातेवाइकाच्या बाबतीत झालं. घरच्यांनी औषधाची ॲलर्जी म्हणून पुढचं इंजेक्शन नको म्हटलं. ते बरोबर होतं का?

निशाचर

रातराणी, वर्णनावरून ही यारिश–हर्क्सहाइमर प्रतिक्रिया वाटते. स्पायरोकीटच्या आजारांत ही वारंवार दिसते. औषधाने जंतू एकदम मोठ्या संख्येने फुटतात, त्यांच्यातली लिपोप्रथिनं रक्तात येतात आणि आपली प्रतिकारयंत्रणा खवळते. काही तासांत सुरू होते, बहुधा २४ तासांत ओसरते. ताप आणि अंगदुखीवर साधं औषध पुरतं. गर्भवतीत मात्र कळा सुरू होऊ शकतात, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

खरी ॲलर्जी वेगळी दिसते: मिनिटांत अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं, रक्तदाब कोसळणं. दोन्हींतला फरक डॉक्टरांनीच ठरवायचा. पण घरच्या घरी ॲलर्जी ठरवून उपचार अर्धवट सोडले तर नुकसान फार मोठं आहे. त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि इंजेक्शननंतर किती वेळाने काय झालं ते तपशीलवार सांगा.

नभोनील

उवांमुळे येणाऱ्या उलटून येणाऱ्या तापात, म्हणजे बोरेलिया रिकरेंटिसच्या संसर्गात, ही प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते, कारण तिथे रक्तात जंतूंची संख्या प्रचंड असते. इतकी की साध्या रक्ताच्या काचपट्टीवर ते दिसतात. ओटो ओबरमायर यांना बर्लिनमध्ये १८६८ साली रुग्णाच्या रक्तात वळवळणारे धागे दिसले होते ते हेच.

हा ताप उलटतो का, हे फार सुरेख उलगडलं आहे. जंतूच्या अंगावर एक ठळक प्रथिन असतं. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, जवळजवळ सगळे जंतू मरतात, ताप उतरतो. पण त्यांच्याकडे त्याच प्रथिनाच्या अनेक आवृत्त्या जनुकांत साठवलेल्या असतात, आणि काही मोजक्या जंतूंनी तोवर आवृत्ती बदललेली असते. ते वाचतात, आठवडाभरात त्यांची संख्या वाढते, ताप पुन्हा. उपदंशाचा जंतू दोन युक्त्या एकत्र वापरतो. त्याच्या बाह्य पटलावर प्रथिनं मुळातच फार कमी, त्यामुळे प्रतिपिंडांना धरायला जागाच नाही. आणि जी आहेत त्यांतल्या एकाचे तुकडे तो सतत बदलत राहतो.

जुनापिंपळ

उपदंशाचा विषय आहे तर टस्कीगीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ मध्ये अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर 'अभ्यास' सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना तो सांगितला नाही, 'रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. १९४३ मध्ये पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे दिसलं आणि काही वर्षांत ते सर्वमान्य औषध झालं. तरी या माणसांना दिलं नाही. उपचार न केलेला रोग शेवटपर्यंत कसा जातो हे बघायचं होतं. पीटर बक्स्टन यांनी आतून विरोध केला, कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी माहिती वार्ताहरांकडे दिली आणि १९७२ मध्ये ते बंद झालं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली १९९७ मध्ये.

वर नभोनील यांनी जो शांत काळ सांगितला, त्या शांत काळात ही माणसं घरी होती, कामावर जात होती, आणि डॉक्टर नोंदी करत होते. संशोधनात रुग्णाची माहितीपूर्ण संमती घेण्याचे आजचे नियम कडक झाले त्यामागे हे प्रकरण मोठं कारण आहे. फॉर्मवर सही करताना तो फॉर्म कुठून आला हे माहीत असावं.

पाणकोंबडा

सुन्न झालो वाचून.

याच ट्रेपोनेमाचा भाऊबंद असलेल्या यॉज रोगाबद्दलही दोन ओळी: तो मुलांना त्वचेच्या स्पर्शातून होतो, शरीरसंबंधाचा काही संबंध नाही, पण उपदंशाच्या रक्तचाचण्या त्यातही पॉझिटिव्ह येतात. २०१२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत दिसलं की अझिथ्रोमायसिनचा एकच तोंडी डोस इंजेक्शनइतकाच काम करतो. गावोगाव गोळ्या वाटणं त्यामुळे शक्य झालं. भारत २०१६ मध्ये यॉजमुक्त जाहीर झाला.

नाव_नको

इथे विचारायला संकोच वाटतोय, पण विचारतो. उपदंशाचे पूर्ण उपचार घेतले. व्हीडीआरएल ही रक्तचाचणी १:३२ होती ती १:४ झाली. पण टीपीएचए ही दुसरी चाचणी अजूनही पॉझिटिव्ह येते. म्हणजे रोग गेलेला नाही का? आणि पत्नीला दिवस गेले आहेत, तिची काय तपासणी करायची?

निशाचर

विचारलंत हे फार चांगलं केलंत. संकोच बाजूला ठेवा.

टीपीएचए जंतूविरुद्धची प्रतिपिंडं बघतं, आणि ती बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. उपचारानंतर ते पॉझिटिव्ह येणं म्हणजे रोग शिल्लक असणं नव्हे, म्हणून उपचारांचा परिणाम त्यावर मोजत नाहीत. त्यासाठी व्हीडीआरएलचा आकडा, म्हणजे रक्त किती पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते तो. तो चौपट किंवा त्याहून जास्त उतरला की प्रतिसाद चांगला मानतात. तुमचा आठपट उतरलाय. पुढे तो पुन्हा चौपट चढला तर मात्र नवा संसर्ग किंवा अपुरा उपचार असा विचार करावा लागतो, कारण हा रोग एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. ठरलेल्या तारखांना रक्त देत राहा, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि त्याच चाचणीने.

पत्नीची तपासणी या आठवड्यातच करा, आणि तुमच्या आजाराची माहिती तिच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तिला काहीही त्रास होत नसला तरी करा. हा जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो. उपचार झाले नाहीत तर गर्भपात, मृत बाळ किंवा जन्मतः उपदंश असलेलं बाळ यांचा धोका खूप मोठा असतो. आताची चाचणी निगेटिव्ह आली तरी शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीच्या वेळी पुन्हा करायला सांगतील, ती टाळू नका. पॉझिटिव्ह आली तर बेंझाथिन पेनिसिलिन, संसर्ग अलीकडचा असेल तर २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन, जुना किंवा कधीचा ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. गर्भारपणात याला पर्याय नाही. अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू आता जगात अनेक ठिकाणी आहेत, आणि बाळापर्यंत ते पुरेसं पोचतही नाही. तिला पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर रुग्णालयात अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन शरीराला सवय करतात आणि मग पेनिसिलिनच देतात.

शेवटचा डोस प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी पूर्ण व्हायला हवा. त्यामुळे आठवडे मोजत बसू नका, उद्याच वेळ घ्या.

नाव_नको

उद्या सकाळचीच वेळ घेतली. दोघंही जातोय.